पोट्ट्यांना माणुसकी कशी शिकवायची? नागपूरच्या आईबाबांकडून नेहमी येणारे प्रश्न

बालवाडीत शिकवते त्यामुळे आईबाबांचे मेसेज सतत येत असतात, आणि दर जूनला नवीन मुलं आली की तेच प्रश्न परत सुरू होतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे. मुलं साधारण अडीच ते आठ वर्षांची धरली आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, अवघड पुढे. एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही म्हणून मधे मधे "अमुक प्रश्न बघा" असं येईल.

१. माझी मुलगी आत्ता अडीच वर्षांची आहे, एवढ्यात हे शिकवायची काय घाई? मोठी झाली की समजेलच नं आपोआप?

आपोआप काही समजत नाही, कोणीतरी शिकवतंच. आपण नाही शिकवलं तर व्हॅनमधली मोठी मुलं शिकवतात, मोबाईल शिकवतो, लग्नात भेटलेल्या काकू शिकवतात. तुमच्या हातून चमचा पडला तर दीड वर्षाचं बाळसुद्धा उचलून द्यायला येतं, त्याला कोणी सांगितलेलं नसतं, म्हणजे मदत करायची इच्छा मुळात असतेच. तीन-चार वर्षांपर्यंत रंग, केस, कपडे, बोली, कोण मुलगा कोण मुलगी हे सगळं त्यांच्या लक्षात यायला लागलेलं असतं.

अडीच वर्षांच्या मुलीला लेक्चर द्यायचं नाही. "बघ, चिनू रडून राहिला, काय झालं असेल त्याला?" एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही चालू असू शकतं हे साधारण चार वर्षांच्या आसपास नीट कळायला लागतं, त्याआधी "तुला कळत कसं नाही" म्हणून रागावलं तर तिला फक्त रागावणंच कळतं.

२. फरकांबद्दल बोललं तर उलट मुलाच्या डोक्यात भेदभाव शिरेल, असं नाही का होणार? "सगळे सारखेच" सांगितलेलं बरं नं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पण मुलाला फरक दिसून राहिलेला असतो. त्याला दिसतंय की वर्गातली एक मुलगी कानात मशीन घालते, एकाची आई बुरखा घालून घ्यायला येते, एकाचा डबा कागदात बांधलेला असतो, आणि तुम्ही म्हणता सगळे सारखे. मग त्याला वाटतं एकतर माझं चुकतंय किंवा हे बोलायचं नसतं. न बोलायच्या गोष्टीबद्दल मुलं स्वतःच काहीतरी कारण शोधून काढतात आणि ते बहुतेक वेळा वाईट असतं, "तो घाण आहे म्हणून तसा आहे" असं.

स्वतःहून बोट दाखवून फरक शिकवत बसू नका. मुलानं विचारलं की खरं आणि साधं उत्तर द्या. "हो, तिच्या कानाला कमी ऐकू येतं, मशीननं नीट येतं." बस.

३. माझा चार वर्षांचा मुलगा मेट्रो स्टेशनवर जोरात ओरडला, "बाबा, ते काका काठी आपटत काहून चालून राहिले?" सगळे बघायला लागले. मी त्याचा हात ओढून पुढे गेलो. काय करायला पाहिजे होतं?

हात ओढला की मुलाला एवढंच कळतं की त्या काकांमध्ये काहीतरी लाजेचं आहे. त्या काकांनाही ऐकू आलेलं असतं, तुम्ही पळालात हेही त्यांना कळलेलं असतं. त्यामुळे तिथंच, नेहमीच्या आवाजात, "काकांना डोळ्यांनी दिसत नाही, काठीनं त्यांना रस्ता कळतो." मूल अजून विचारत असेल तर "बाकीचं घरी सांगतो", आणि घरी खरंच सांगा. नजरानजर झाली किंवा ते बोलले तर मुलाला नमस्कार करायला सांगा, म्हणजे ते "बघायची गोष्ट" न राहता माणूस होतात.

सीताबर्डीच्या स्टेशनवर एक आजोबा नातवाला हेच समजावत होते, ते मी कधी विसरणार नाही. प्लॅटफॉर्मवर पिवळ्या खडबडीत फरश्या असतात नं, त्यावर त्यांनी नातवाला चप्पल काढून उभं केलं, हात धरून डोळे मिटायला लावले. लांब पट्ट्या पायाला लागल्या की सरळ चालायचं, गोल टिपके लागले की थांबायचं, पुढे जिना नाहीतर प्लॅटफॉर्मची कड असते. पोट्टं डोळे घट्ट मिटून हळूहळू चालत गेलं, टिपके लागल्याबरोबर थांबलं आणि डोळे उघडून ओरडलं, "आबा, थांबा म्हणते फरशी!" त्या मुलाला आता त्या फरशीवर कोणी बॅग ठेवली की राग येईल, आणि यायलाच पाहिजे. तुमच्या मुलाला पुढच्या वेळी हे दाखवा.

४. आंधळा, लंगडा, मेंटल, असे शब्द मुलं वापरतात. त्याऐवजी काय म्हणायचं शिकवू?

सगळ्यात आधी नाव शिकवा. वर्गातल्या मुलाला नाव आहे, त्याची ओळख नावानं होते. सांगायचीच वेळ आली तर काय होतं ते सांगा: "त्याला चालायला त्रास होतो", "तिला ऐकू कमी येतं". "दिव्यांग" हा शब्द मोठी मुलं शाळेत ऐकतातच, २०१६ च्या कायद्यात अशा २१ प्रकारच्या अक्षमता मोजल्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी बाहेरून दिसतसुद्धा नाहीत. "मेंटल" हा शब्द मात्र आधी मोठ्यांनी ट्रॅफिकमध्ये वापरणं बंद करायचा, मागच्या सीटवर बसलेलं मूल ऐकत असतं.

५. माझी मुलगी फार हळवी आहे, कोणालाही बघितलं की "बिचारा" म्हणते. हे चांगलंच आहे नं?

मनानं चांगली आहे, यात शंका नाही. पण ज्याला दिवसातून दहा जण बिचारा म्हणतात त्याला विचारा कसं वाटतं. कीव करताना आपण वर उभे राहतो आणि समोरचा खाली. तिला एक वाक्य शिकवा, "तुला मदत पाहिजे का?" आणि त्यानंतर उत्तराची वाट बघायला शिकवा. उत्तर "नको" असलं तर नको. व्हीलचेअर न विचारता ढकलायची नाही, काठी धरणाऱ्याचा हात न विचारता पकडायचा नाही. दुसरं म्हणजे त्या मुलाकडूनही तिला काहीतरी शिकू द्या. आमच्याकडे एक मुलगा पायाला आधाराचे कॅलिपर घालून यायचा आणि कागदाचं विमान असं बनवायचा की सगळा वर्ग त्याच्या मागे लागलेला असायचा. तिथं कोणी बिचारा नव्हतं.

६. मुलाच्या वर्गात एकाला सिकलसेल आहे. काही पालक म्हणून राहिले की जवळ बसवू नका. खरंच काही धोका आहे का?

काहीच नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आईबाबांकडून येतो. शेजारी बसून, डबा वाटून, एका बाटलीतलं पाणी पिऊन तो होत नाही. आईबाबा दोघंही वाहक असले (म्हणजे स्वतःला आजार नाही, पण तो मुलाकडे जाऊ शकतो) तर प्रत्येक वेळी मुलाला आजार असायची शक्यता २५ टक्के असते. आपल्या विदर्भात हा आजार बराच आहे, केंद्र सरकारनं २०२३ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू केली, तरी अजून लोक कुजबुजतात, हे वाईट वाटतं.

मुलाला असं सांगा: रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, त्याच्या काही पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात, म्हणून त्याचे हातपाय कधीकधी खूप दुखतात. पाणी कमी पडलं, थंडी वाजली, फार दमला की जास्त दुखतं. म्हणून तो मधेच शाळेत येत नाही आणि पीटीला बसून राहतो, आळशी आहे म्हणून नाही. मित्र म्हणून करायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत, पाण्याची आठवण करायची, पळायच्या खेळात त्याला अंपायर नाहीतर स्कोअर लिहिणारा करायचं (त्याला चालत असेल तर), आणि तो परत आला की वही द्यायची. पावसात भिजायला किंवा एका दमात पाणी न पिता खेळायला "हिंमत असेल तर" म्हणून चॅलेंज अजिबात द्यायचं नाही.

७. मुलगी सावळी आहे. आजी, आत्या, सगळे "उन्हात नको जाऊ, अजून काळी होशील" म्हणतात. ती आता आरशासमोर पावडर थापते, सहा वर्षांची आहे.

हे वाचून पोटात कालवतं, पण घराघरात आहे. तिला खरं कारण सांगा, त्वचेत मेलॅनिन नावाचा रंग असतो, कोणात जास्त कोणात कमी, तो उन्हापासून थोडा बचावही करतो, आणि तो आईबाबा-आजीआजोबांकडून येतो. "रंग कसाही असला तरी तू आम्हाला आवडते" असं म्हणू नका, त्यात रंगात काहीतरी खोट आहे हे मान्य केल्यासारखं होतं. "तुझा रंग छान आहे" हे सरळ म्हणा. आणि नागपूरच्या मे महिन्यात ४५ डिग्रीला उन्हात जायचं नाहीच आहे, ते ऊन लागतं म्हणून. तेच कारण सांगा, गोऱ्या भावालाही तेवढ्याच जोरात सांगा.

घरातल्यांशी कसं बोलायचं ते प्रश्न १४ मध्ये आहे.

८. "आई, आपली जात कोणती?" पहिलीतल्या मुलानं विचारलं. शाळेत कोणीतरी त्याचं आडनाव विचारून विचारून पिच्छा पुरवला होता. मी विषय बदलला.

विषय बदलला की तो व्हॅनमध्ये विचारेल. नागपुरात "पूर्ण नाव काय?" या प्रश्नामागे काय असतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे आणि मुलांना वाटतं त्यापेक्षा फार लवकर माहीत होतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढं नक्की सांगता येतं: पूर्वी लोकांनी जन्मावरून माणसांचे गट पाडले, काहींना वरचे म्हणाले आणि काहींना इतकं खालचं ठरवलं की त्यांना विहिरीचं पाणी घेऊ द्यायचे नाहीत, देवळात येऊ द्यायचे नाहीत, शाळेत वेगळं बसवायचे. ते चूक होतं. बाबासाहेब आंबेडकरांनाही लहानपणी शाळेत असंच वागवलं होतं. संविधानाच्या कलम १७ नं अस्पृश्यता बंद केली, तरी काही लोक अजून मनात धरून बसले आहेत, कोणी तसं वागलं तर मला येऊन सांगायचं.

आपल्या गावात तर हे दाखवायला जागा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याच्या दिवशी, बाबासाहेबांनी लाखो लोकांबरोबर इथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. कितीतरी नागपूरकर पोट्टी दीक्षाभूमीसमोरून रोज व्हॅननं जातात आणि त्यांना कोणी आत नेलेलं नसतं. दसऱ्याला लाखोंची गर्दी असते, लहान मूल घेऊन जायचं तर दुसरा एखादा सकाळचा दिवस धरा, आत शांत बसू द्या, मग बाहेर आल्यावर सांगा. मोठं मूल असेल तर दसऱ्याच्या वेळीच न्या, तिथं पुस्तकांचे स्टॉल असतात, पांढऱ्या कपड्यात लांब लांबून आलेले आजीआजोबा पिशव्या भरून पुस्तकं घेऊन जाताना त्याला बघू द्या.

ज्यांच्या घरानं हे सोसलंय त्या आईबाबांसाठी वेगळं लिहिते. तुमच्या मुलाला "लक्ष देऊ नको" सांगू नका. त्याला आधीच सांगून ठेवा की कोणी आडनावावरून काही बोललं तर चूक बोलणाऱ्याची आहे, आणि शाळेला लेखी कळवा. सगळ्यांशी चांगलं वागायची जबाबदारी तुमच्याच मुलावर टाकू नका.

९. घरी कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवलेला आहे, सासूबाईंनी आधीपासून ठेवलाय. मुलगी विचारते "मावशीचा कप खिडकीत काहून असतो?" काय उत्तर देऊ?

याला बरोबर असं उत्तरच नाही. कप बदला. "स्वच्छतेसाठी" म्हणाल तर मुलीच्या डोक्यात येईल की मावशी घाण आहेत, आणि आपल्या घरातली सगळी भांडी त्याच मावशी घासतात हे तिला रोज दिसतं. उद्या सगळ्यांसारख्याच कपात चहा द्या आणि बसायला खुर्ची द्या. त्या स्वतःच खाली बसतील कदाचित, सवयीनं, तर तुम्हीही खाली बसा. मुलीला मावशींना अहो-जाहो करायला लावा, त्या आजारी असल्या तर "सुट्टी मारली" म्हणू नका. प्रश्न ८ मध्ये जे सांगितलं ते सगळं खिडकीतला एक कप खोटं पाडतो.

१०. डब्यात अंडं नेलं म्हणून माझ्या मुलाला "छी, वास येतो" म्हणाले. आता तो फक्त ब्रेड-जॅम नेतो.

दोन्हीकडच्या आईबाबांसाठी उत्तर. ज्याचा डबा आहे त्याला सांगा की आपलं जेवण चांगलं आहे, आणि शाळेचा नियम काय आहे ते विचारून घ्या, नियम नसेल तर अंडं परत द्या. दुसऱ्या बाजूला "आपण नाही खात" आणि "छी" यात फार अंतर आहे. "आमच्या घरी नाही खात, तू खा" एवढं पाच वर्षांच्या मुलाला सहज येतं. शाकाहारी मुलाला कोणी मस्करीत चिकन भरवायचा प्रयत्न केला तर तेही तेवढंच वाईट. सावजीच्या या गावात एका टेबलावर तर्री रस्सा आणि वरणभात दोन्ही जेवून राहिलेले असतात, मुलांनाही जमतं.

११. दुसऱ्या धर्माबद्दल काय आणि किती सांगायचं? शाळेतून "ते लोक असे असतात" ऐकून आला.

"ते लोक असे असतात" हे वाक्य चांगल्या अर्थानंही वापरू नका. "मुसलमान लोक बिर्याणी छान करतात" यातूनसुद्धा मूल हेच शिकतं की ते सगळे एकाच साच्याचे आहेत. त्याऐवजी माणूस सांगा: "समीना आंटी शिरखुर्मा छान करतात, शेजारचे खान अंकल चहासुद्धा नीट करत नाहीत." मुलानं असं वाक्य आणलं की विचारा, "सगळे? आपले अमुक अंकल पण?" तो स्वतःच थांबतो.

बाकी एकत्र जाणं आणि एकत्र काही करणं याला तोड नाही. ताजबागला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात, उर्साला सगळ्या धर्मांची माणसं दिसतात, ताजुद्दीन बाबांना तर भोसले घराण्यातल्या राजे रघुजींनी शकरदऱ्याच्या वाड्यात नेऊन ठेवलं होतं, ही गोष्ट मुलांना फार आवडते, राजाच्या वाड्यात फकीर. कामठीला ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर आहे. पण नुसतं बघून आलं की पिकनिक होते. दुसऱ्या धर्माचं एखादं मूल घरी खेळायला येतं का, त्याच्या घरी आपलं मूल जातं का, हे जास्त महत्त्वाचं.

१२. उमरेडकडून नवीन मुलगा आला आहे, वर्गात सगळे त्याच्या बोलण्यावर हसतात. आणि एक छत्तीसगढी बोलणारी मुलगी तर बोलतच नाही.

वर्गात बाईनं आधी हसू थांबवायचं, ते माझं काम आहे आणि मी करते. घरी तुम्ही काय करता ते सांगते. तुमची आजी "जाऊन राह्यलो, करून राह्यलो" बोलते नं? तिचं बोलणं पुण्याच्या पाहुण्यांसमोर दुरुस्त करू नका. नागपूर कधीच एका भाषेचं नव्हतं, शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंदनं, मग भोसले आले, आणि १९५६ पर्यंत हे हिंदी-मराठी दोन्ही बोलणाऱ्या प्रांताची राजधानी होतं, छत्तीसगढहून कामाला आलेली कुटुंबं कितीतरी पिढ्या इथलीच आहेत. त्या मुलीकडून तुमच्या मुलाला पाच शब्द शिकून यायला सांगा. जी मुलगी बोलत नव्हती ती शिकवायला लागली की बोलते, हे मी पाहिलेलं आहे.

१३. हिवाळ्यात स्वेटर घ्यायला गेलो तर मुलगा दुकानवाल्या आंटीला "चायनीज" म्हणाला. त्या हसल्या पण मला कसंतरी झालं.

तिथंच "त्या तिबेटच्या आहेत" म्हणा आणि त्यांच्यासमोर मुलाला सांगा की चेहरा बघून नाव ठेवायचं नाही. तिबेटी कुटुंबांची वसाहत आपल्याच गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ आहे, म्हणजे त्या विदर्भातल्याच शेजारी असायची शक्यता बरीच. ईशान्य भारतातून शिकायला आलेल्या मुलामुलींनाही हेच सहन करावं लागतं. पुढच्या वेळी त्यांना "टाशी देलेक" म्हणायला शिकवून न्या, तिबेटी लोक असंच अभिवादन करतात.

१४. मी सगळं नीट शिकवते आणि आजी-आजोबा उलटं बोलतात. त्यांना कसं सांगू? मुलासमोर टोकलं की घरात भांडण.

मुलासमोर टोकू नका, पण गप्पही बसू नका. तेवढ्यापुरतं हलक्या आवाजात "आई, आपण असं नको म्हणू या" आणि विषय पुढे न्या. मुलाला नंतर एकट्यात सांगा, "आजी लहान असताना तिला असंच शिकवलं होतं, मला ते पटत नाही. आजी तुझ्यावर माया करते, तेही खरं आहे." दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात हे मुलांना समजतं, आपल्यालाच जड जातं. आजीशी वेगळं बोलताना चूक काढण्यापेक्षा नातीचं सांगा, "परवा ती पावडर लावून रडत होती." नातीचं रडू ऐकून बदललेल्या आज्या मी पाहिल्या आहेत, वादानं बदललेली एकही नाही.

१५. मारबतीच्या दिवशी मुलांनी वर्गातल्या एका जाड मुलाचं नाव घेऊन "घेऊन जा गे मारबत" ओरडलं. सगळे म्हणतात मस्करी आहे. मी जास्तच मनाला लावून घेतेय का?

नाही, बरोबर लावून घेताय. तान्ह्या पोळ्याला काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, आपण इडा पिडा, रोगराई घेऊन जा म्हणतो, बडगे, म्हणजे बरोबरचे दुसरे पुतळे, भ्रष्टाचारावर, महागाईवर काढतात. मारबतीबरोबर आपण रोग आणि वाईट गोष्टी गावाबाहेर पाठवतो. तिथं एका मुलाचं नाव घालणं म्हणजे त्याला "तू आमच्यात नको" म्हणणं, आणि ते गर्दीत, ओरडून. त्या मुलांना घोषणा बंद करा म्हणू नका, घोषणा त्यांची आवडती आहे. "माणसाचं नाव नाही, त्रासाचं नाव घ्या" म्हणा. आमच्या वर्गात "होमवर्क घेऊन जा गे मारबत" आलं, मी चालू दिलं.

त्याच दिवशी दुसरा प्रश्नही येतो, एकाचा लाकडी बैल चाकांचा आणि कमरेएवढा, दुसऱ्याचा तळहाताएवढा. बोजारा (बैल घेऊन दारी आलेल्या मुलांना द्यायचे पैसे) देताना बैलाच्या आकारावरून देऊ नका, सगळ्यांना सारखा द्या. मुलं नोटा मोजतात.

१६. आरटीईमधून आलेल्या मुलाला "फुकटवाला" म्हणतात. माझाच मुलगा म्हणाला.

हा शब्द मुलं घरून आणतात, मोठ्यांच्या फी-चर्चेतून. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात खासगी विनाअनुदानित शाळांमध्ये सुरुवातीच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांसाठी आहेत, त्यांच्या फीची भरपाई सरकार शाळेला देतं, सगळ्यांच्या करातून, त्यात त्या मुलाच्या आईबाबांनी साबणावर भरलेला करही आला. मुलाला कायदा नका सांगू. "तो तुझ्या वर्गातला आहे, त्याची जागा त्याची आहे" एवढंच सांगा. आणि वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट जरा आवरतं घ्या.

१७. सिग्नलवर तृतीयपंथी आले की मुलगी घाबरते, आणि तिचे बाबा "त्रास दिला तर त्यांना देऊन टाकीन" म्हणतात.

ते वाक्य आजपासून बंद. पोलीस, वॉचमन, भिकारी, तृतीयपंथी, कोणाच्याच नावानं मुलाला घाबरवू नका. मुलीला सांगा, "काही माणसं जन्मली तेव्हा सगळे त्यांना मुलगा म्हणाले, पण त्यांना आतून तसं वाटत नाही. पुष्कळ लोकांनी त्यांना घराबाहेर काढलं, काम दिलं नाही, म्हणून काहींना सिग्नलवर पैसे मागावे लागतात." सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये त्यांची वेगळी ओळख मान्य केली, २०१९ मध्ये कायदाही झाला. पैसे द्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण काच वर करायच्या आधी मान हलवून "नाही ताई" म्हणता येतं.

१८. मुलाला जबरदस्तीनं सॉरी म्हणायला लावावं का?

नको. तोंडानं सॉरी, डोळ्यात राग, काही उपयोग नाही. आधी ज्याला लागलं त्याच्याकडे बघायला लावा, मग "आता काय केलं तर त्याला बरं वाटेल?" विचारा. पाणी आणून दिलं, तुटलेला टॉवर परत बांधला, तो खरा सॉरी.

१९. माझा मुलगा अडखळत बोलतो, मुलं नक्कल करतात, आणि मी त्याला "सगळ्यांशी चांगलं वाग" शिकवलंय म्हणून तो सहन करतो. आता काय?

चांगलं वागणं म्हणजे सहन करणं नाही, हे त्याला आजच सांगा. "थांब, मला नाही आवडत" हे वाक्य घरी जोरात म्हणायची प्रॅक्टिस घ्या, अडखळला तरी चालेल, पूर्ण करू द्या. तुम्हीही त्याची वाक्यं मधेच पूर्ण करू नका. दोन ते पाच वर्षांत पुष्कळ मुलं अडखळतात आणि बहुतेकांचं आपोआप जातं, पण बरेच महिने चाललं किंवा तो बोलायचंच टाळायला लागला तर स्पीच थेरपिस्टकडे न्या. शाळेला तारीख-वार लिहून कळवा. वर्गात बाईच नक्कल करत असतील तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला मानसिक त्रास देणंही बंद आहे, मुख्याध्यापकांना ते कलम लिहून द्या. तरीही कोणी ऐकलं नाही तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे.

आणि ज्यांची मुलं नक्कल करतात त्यांनी "लहान आहे" म्हणून हसू नका.

२०. वर्गात ऑटिझम असलेला एक मुलगा आहे, तो माझ्या मुलीला दोनदा चावला. मी तिला त्याच्याशी चांगलं वागायला सांगते, ती म्हणते मला त्याची भीती वाटते. तिला त्याच्याशी खेळायला लावू का?

लावू नका. तिची भीती खरी आहे, तिला दुखलेलं आहे. मान देणं आणि मैत्री करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मैत्री तिच्या मर्जीची, पण चिडवणं, सगळ्यांना त्याच्यापासून दूर करणं, "चावरा" नाव पाडणं, हे चालणार नाही.

तो कधी चावतो ते शाळेशी बोलून शोधा. बहुतेक वेळा काहीतरी असतं, घंटेचा आवाज, सगळ्यांनी एकदम घेरणं, हातातली वस्तू अचानक ओढणं. अशा मुलांपैकी काहींना आवाज इतका टोचतो की कान झाकूनही सहन होत नाही, आणि बोलून सांगता आलं नाही की शरीर सांगतं. तुमच्या मुलीला हे कळलं की तिला तो राक्षस वाटत नाही आणि लांब कधी उभं राहायचं तेही कळतं. तिला जागा बदलून हवी असेल तर द्यायला सांगा, तीही शिक्षा म्हणून नाही, मधल्या सुट्टीत वगैरे शांतपणे. त्या मुलाच्या आईला फोन करा, पण तक्रारीनं सुरुवात करू नका, तिला असे फोन रोज येत असतात. "त्याला कशाचा त्रास होतो ते सांगाल का, मी माझ्या मुलीला समजावून सांगते" असं विचारा. मग ती जे सांगेल ते लिहून घ्या आणि वर्गातल्या बाईंनाही द्या.